किंग्स्टनचा सोडलेला डाव

एका रविवारीं सकाळीं आमच्या कात्रपांतल्या एका मोकळ्या जागेवर मुलांचा सामना चालला होता. बदलापूरच्या पूर्व भागांत अशा जागा आतां फार उरल्या नाहींत. एक इमारत उभी राहिली कीं मुलांची एक सीमारेषा नाहींशी होते. तरी जेथें म्हणून बावीस यार्ड सपाट जमीन शिल्लक आहे, तेथें सुटीच्या दिवशीं चेंडू उडतोच. त्या दिवशींचा प्रतिपक्ष अंबरनाथचा होता. लोकलगाडीनें एकाच स्थानकाचें हें अंतर. परंतु मुलांच्या मनांत तें एखाद्या समुद्राएवढें असतें. चेंडू रबराचा नव्हता, चामड्याचा होता. आमच्या शेजारचा एक चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा खेळत असतां चेंडू एकाएकीं उसळून त्याच्या भुंवईवर बसला. रक्त आलें. त्यानें नळावर जाऊन तोंड धुतलें, रुमाल आवळून बांधला, आणि परत येऊन तो फळी हातांत घेऊन उभा राहिला. कडेच्या मंडळींनीं टाळ्या पिटल्या. ‘शाबास रे! दाखव अंबरनाथवाल्यांना!’ असें आमचे एक सेवानिवृत्त स्नेही ओरडले. टाळ्या आम्हींही वाजविल्या, हें कबूल केलें पाहिजे. दोन षटकें झालीं, आणि मुलगा भोंवळ येऊन खालीं बसला. पुढें दवाखान्यांत तीन टांके पडले, त्याहून अधिक कांहीं झालें नाहीं. परंतु त्या मधल्या अर्ध्या तासांत आमच्या टाळ्या आमच्याच हातांना बोचत होत्या.

संध्याकाळीं कट्ट्यावर अर्थातच हाच विषय निघाला. आमच्या स्नेह्यांचें मत असें पडलें कीं, मुलानें केलें तें योग्यच केलें. हल्लींच्या पिढींत ही धमक उरलेली नाहीं. आणि ही धमक नसली म्हणजे काय होतें हें पाहावयाचें असल्यास १९७६ सालचा किंग्स्टनचा सामना आठवावा, जेथें बेदीनें गडी शिल्लक असतां डाव सोडून दिला आणि देशाची नाचक्की करून घेतली. पन्नास वर्षांपूर्वींच्या सामन्याविषयीं इतक्या तावानें बोलणारा गृहस्थ पाहिला कीं खरोखर कौतुक वाटतें. त्या वेळीं आम्ही शाळेच्या पहिल्या वर्गांत होतों. वडील वर्तमानपत्र मोठ्यानें वाचीत, आणि ‘दुखापतीमुळें गैरहजर’ हे शब्द त्यांनीं एकामागून एक पांच वेळां वाचले, एवढेंच आम्हांला आठवतें. परंतु आमचा व्यवसायच जुनीं प्रकरणें उकरून पाहण्याचा असल्यामुळें आम्हीं हें प्रकरण पुन्हां एकदां तपासून पाहिलें. त्यांत जें सांपडलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

आरंभ किंग्स्टनपासून करून चालणार नाहीं. तो इंग्लंडांतील लीड्स येथें, १९५२ च्या जून महिन्यांत करावा लागतो. हिंदुस्थानच्या दुसऱ्या डावास आरंभ झाला, आणि फलकावर एकही धांव लागण्यापूर्वीं चार गडी बाद झाले. क्रिकेटच्या इतिहासांत ‘शून्यावर चार’ हा आंकडा तेव्हांपासून आमच्या नांवावर कोरला गेला आहे. फ्रेड ट्रूमन नांवाचा एक तरुण खाणवाल्या मुलखांतला गोलंदाज त्या दिवशीं पहिलाच कसोटी सामना खेळत होता; त्यानें तिघांस व बेडसरनें एकास परत पाठविलें. ते चौघे म्हणजे पंकज रॉय, दत्ताजीराव गायकवाड, माधव मंत्री आणि विजय मांजरेकर. चौघांपैकीं तिघे मराठी बोलणारे. मांजरेकरनें त्याच सामन्याच्या पहिल्या डावांत १३३ धांवा केल्या होत्या हें कोणी लक्षांत ठेवीत नाहीं. शून्य मात्र सर्वांच्या लक्षांत राहिलें. त्या दौऱ्यापासून विलायतेंत अशी एक समजूत रूढ झाली कीं, हिंदी फलंदाज जलद चेंडूपुढें पाय मागें घेतो. ही समजूत केवळ खेळापुरती नव्हती. पांच वर्षांपूर्वीं स्वतंत्र झालेल्या राष्ट्राच्या छातीविषयीं तींत एक आडपडद्याचा शेरा होता, आणि तो आमच्या लोकांना चेंडूपेक्षांही अधिक लागला.

खेळांत राष्ट्राची अब्रू गुंतविण्याची खोड आम्हांला नवी नव्हती. राष्ट्र हातीं येण्यापूर्वीं आम्ही जातिधर्मांची अब्रू गुंतवीत होतों. मुंबईस १९०७ पासून युरोपियन, पारशी व हिंदु यांचे तिरंगी सामने झाले. १९१२ पासून मुसलमान संघ येऊन ते चौरंगी झाले. १९३७ पासून ‘बाकीचे’ मिळून पंचरंगी. आणि १९४६ सालीं ते बंद पडले. तेथें जिंकलेला संघ वरातीनें घरीं जाई, आणि हरलेल्या संघाच्या आळींत दिवे लवकर मालवत. स्वातंत्र्यानंतर हीच ईर्षा सबंध कपड्यानिशीं राष्ट्राच्या घरीं राहावयास गेली, एवढाच फरक.

त्या काळच्या खेळाडूंच्या सहनशीलतेच्या कथा पुष्कळ आहेत. कर्नल सी. के. नायडू छप्पन्न वर्षांचे असतां होळकर संघाकडून मुंबईविरुद्ध खेळत होते. दत्तू फडकरचा चेंडू तोंडावर बसून त्यांचे दांत पडले, आणि ते त्यांनीं खेळपट्टीवरून फळीनें बाजूस सारून पुढचा चेंडू टाकावयास सांगितलें, असें जुने लोक सांगत आले आहेत. या कथेंत चेंडू टाकणारा कोल्हापूरचा व खेळणारा होळकरांचा, म्हणजे दोन्हीकडे घरचीच माणसें. त्यामुळें ती सांगतांना कोणाचा आवाज चढत नाहीं, उलट सर्वजण हंसतात. परकी गोलंदाजाच्या हातून तेंच झालें असतें तर कथेचा रस वीराचा राहिला नसता, रौद्राचा झाला असता. जखम तीच, परंतु ती कोणत्या निशाणाखालीं झाली यावर तिचा अर्थ ठरतो, हें या प्रकरणाचें एक चमत्कारिक अंग आहे.

निशाणाच्या पलीकडे जाणारी एक गोष्टही याच इतिहासांत आहे. १९६२ च्या मार्चमध्यें बार्बाडोस बेटाविरुद्धच्या सामन्यांत भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर याच्या डोक्यावर, कानाजवळ, चार्ली ग्रिफिथचा चेंडू बसला. त्याचें वय त्या वेळीं अठ्ठावीस. हा गृहस्थ भित्रा म्हणावा अशांतला नव्हता. तीनच वर्षांपूर्वीं लॉर्ड्सच्या मैदानावर स्टॅथमच्या चेंडूनें बरगडी मोडली असतां त्यानें ८१ धांवा काढल्या होत्या. बार्बाडोसला त्याची कवटी फुटली. नाकाकानांतून रक्त वाहूं लागलें, आणि मेंदूवर शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली. रक्ताची गरज लागली तेव्हां रक्त देणाऱ्यांत वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल होता. आमचे चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी व पॉली उम्रीगर होते. बेटावरच्या एका काळ्या माणसाचें, पुण्याच्या एका ख्रिस्ती मराठी माणसाचें, नाशिकच्या एका ब्राह्मणाचें व एका पारशाचें रक्त गोध्र्यास जन्मलेल्या पारशाच्या अंगांत मिसळलें आणि तो वांचला. चौरंगी सामन्यांच्या आयोजकांनीं या मिश्रणासाठीं कोणता तंबू नेमला असता कोण जाणे! बंगालच्या क्रिकेट संघटनेनें वॉरेलच्या नांवें वार्षिक रक्तदानाचा दिवस चालू ठेवला आहे, तो याच उपकाराच्या स्मरणार्थ. कॉन्ट्रॅक्टर पुढें प्रथम श्रेणीचे सामने खेळला, परंतु कसोटी सामना पुन्हां त्याच्या नशिबीं आला नाहीं. एकवीस वर्षांचे पतौडीचे नवाब त्याच्या जागीं कर्णधार झाले आणि भारत ती मालिका पांचही सामने हरला.

या दोन आठवणी, म्हणजे लीड्सचें शून्य व बार्बाडोसची कवटी, घेऊन आमचे पुढचे खेळाडू वाढले. एक म्हणे, ‘मागें सराल तर हंसतील’. दुसरी म्हणे, ‘पुढें राहाल तर मराल’. या दोहोंमधून वाट काढणारा पहिला मोठा फलंदाज सुनील गावस्कर. १९७१ सालीं अजित वाडेकरच्या नेतृत्वाखालीं भारतानें वेस्ट इंडीजमध्यें प्रथमच मालिका जिंकली. गावस्कर बोटाच्या दुखण्यामुळें पहिला सामना खेळूं शकला नव्हता, तरी उरलेल्या चार सामन्यांत त्यानें ७७४ धांवा केल्या. शेवटचा सामना पोर्ट ऑफ स्पेनला होता. तेथें त्याची दाढ इतकी दुखत होती कीं रात्रीं झोंप नाहीं व दिवसा अन्न नाहीं. वेदनाशामक औषधानें गुंगी येईल म्हणून व्यवस्थापकांनीं तें घेऊं दिलें नाहीं. आणि तशा स्थितींत त्यानें एका डावांत १२४ व दुसऱ्यांत २२० धांवा केल्या. सामना संपल्यावर दाढ काढली. मराठी घरांतून ही कथा आम्हां मुलांना अभ्यासाला बसवितांना सांगत असत. दाढदुखीनें कोणी मरत नाहीं, आणि फुटलेल्या कवटीनें मरतो, हा भेद मात्र सांगणारांच्या लक्षांत येत नसे.

आतां किंग्स्टन. १९७५-७६ च्या हंगामांत क्लाइव्ह लॉइडचा वेस्ट इंडीज संघ ऑस्ट्रेलियांत पांच विरुद्ध एक असा हरला. लिली व थॉमसन या दोघांनीं त्या संघाच्या फलंदाजांना अक्षरशः झोडपलें. घरीं परत येतांच त्यांच्यासमोर भारत आला. तिसऱ्या कसोटींत, पुन्हां पोर्ट ऑफ स्पेनलाच, लॉइडनें भारतास जिंकण्यासाठीं ४०३ धांवांचें आव्हान देऊन आपले तीन फिरकी गोलंदाज सोडले. आणि भारतानें चार गड्यांच्या मोबदल्यांत ४०६ धांवा करून सामना जिंकला. गावस्कर १०२, विश्वनाथ ११२. चौथ्या डावांत इतक्या धांवा काढून तोंवर कोणीही कसोटी जिंकली नव्हती. मालिका एकास एक अशी बरोबरींत आली. लॉइडच्या मनांत ऑस्ट्रेलियाचा माराही ताजा होता व हा पराभवही. ज्या हत्यारानें आपण हरलों तें हत्यार आपल्या हातीं असावें, असा निश्चय त्यानें केला असल्यास नवल नाहीं. त्या बेटांचाही विचार केला पाहिजे. जमेका १९६२ सालीं व बार्बाडोस १९६६ सालीं स्वतंत्र झालें. उसाच्या मळ्यांतील गुलामांच्या या नातवांना सबंध जगापुढें ताठ मानेनें उभें राहण्याची एकच जागा होती, आणि ती म्हणजे क्रिकेटचें मैदान. आमच्याइतकीच त्यांचीही अब्रू चेंडूला बांधलेली होती.

एप्रिल १९७६ च्या २१ तारखेस सबायना पार्क मैदानावर चौथा सामना सुरू झाला. फिरकी गोलंदाज जवळजवळ हद्दपार झाले होते; होल्डिंग, डॅनियल, ज्युलियन व होल्डर असे चार जलद गोलंदाज लॉइडजवळ होते. भारतास प्रथम खेळावें लागलें. सलामीस उतरले गावस्कर व अंशुमान गायकवाड. वाचकांच्या लक्षांत आलें असेल: हा अंशुमान म्हणजे लीड्सच्या शून्यांतील दत्ताजीराव गायकवाडांचा मुलगा, आणि गावस्कर हा त्याच शून्यांतील माधव मंत्र्यांचा भाचा. चोवीस वर्षांपूर्वीं बापानें व मामानें जेथें हात टेकले, तेथें या दोघांनीं पहिल्या गड्यासाठीं १३६ धांवांची भागी केली. हा योगायोग कोणा नाटककारानें रचला असता तर आम्हीं त्यास कृत्रिम म्हटलें असतें. गावस्कर ६६ धांवांवर त्रिफळाबाद झाला. गायकवाड सबंध दिवस टिकला, आणि दिवस संपतां भारताच्या एकास १७८ धांवा झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशीं चित्र पालटलें. खेळपट्टीच्या एका टोंकाला एक उंचवटा होता. त्यावर पडलेला चेंडू कधीं छातीशीं, कधीं तोंडाशीं येई. नवा चेंडू हातीं आल्यावर होल्डिंग यष्टीच्या दुसऱ्या बाजूनें येऊन फलंदाजाच्या अंगावर चेंडू उसळवूं लागला. शिरस्त्राण तेव्हां कोणाच्याही डोक्यावर नव्हतें. गायकवाडाच्या डोळ्यांवर होता तो चष्मा. त्याच्या हातांवर, बरगड्यांवर चेंडू बसत गेले, आणि तो उभा राहिला. विश्वनाथ ज्या चेंडूवर झेल देऊन बाद झाला त्याच चेंडूनें त्याचें बोट मोडलें. ब्रिजेश पटेलच्या तोंडावर चेंडू बसून टांके घालावे लागले. आणि शेवटीं, धांवा ८१ असतां, गायकवाडच्या डाव्या कानावर चेंडू बसला व कानाचा पडदा फाटला. त्याला रुग्णालयांत नेलें. प्रेक्षक खवळलेले होते, आणि प्रत्येक आघाताला आरोळ्या उठत होत्या. गावस्करनें आपल्या आत्मचरित्रांत त्या प्रेक्षकांना रानटी म्हणून टाकलें आहे. तो शब्द आम्हांला मान्य नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, जो मनुष्य कात्रपांत बसून ‘दाखव अंबरनाथवाल्यांना’ असें ओरडतो, त्यानें किंग्स्टनच्या प्रेक्षकाकडे फार वरून पाहूं नये. पंचांनीं हा मारा थांबविला नाहीं. नियमांत त्यांना तो अधिकार होता.

सहा गडी बाद व दोघे रुग्णालयाच्या वाटेवर असतां ३०६ धांवांवर बिशनसिंग बेदीनें डाव सोडला. आमच्या स्नेह्यांचा आक्षेप आहे तो येथें. उरले होते कोण? स्वतः बेदी व चंद्रशेखर. दोघेही गोलंदाज; चंद्रशेखराचा उजवा हात तर बालपणींच्या पोलिओनें कृश झालेला, आणि त्याच हातानें तो जगाला फिरकी टाकी. या दोघांचीं बोटें त्या उंचवट्यावर मोडून घेतलीं असतीं तर पांच-दहा धांवा वाढल्या असत्या आणि गोलंदाजी कोणी केली असती? कर्णधाराच्या हिशोबाची ही बाजू उघड आहे. परंतु आम्हांला वाटतें, बेदीच्या मनांत हिशोबापेक्षांही अधिक कांहीं होतें: गड्यांचीं शरीरें हीं आपल्या हातीं सोंपविलेली ठेव आहे, ही जाणीव. लढाईंत सेनापतीनें तुकडी मागें घेतली तर तीस आम्ही शहाणपण म्हणतों. मराठ्यांच्या गनिमी काव्याचा तर आम्हांला भारीच अभिमान. खेळांत तसें केलें कीं तेवढा भ्याडपणा होतो काय?

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतों. वेस्ट इंडीजनें ३९१ धांवा केल्या. क्षेत्ररक्षण करतांना बेदी व चंद्रशेखर या दोघांच्याही बोटांना इजा झाली, म्हणजे ज्यांना वांचविण्यासाठीं डाव सोडला ते वांचले नाहींतच. बदली क्षेत्ररक्षक इतके लागले कीं दौऱ्यावरचे सतराही खेळाडू केव्हांना केव्हां मैदानावर येऊन गेले. दुसऱ्या डावांत मोहिंदर अमरनाथनें ६० धांवा केल्या. पांचवा गडी बाद झाला तेव्हां फलकावर ९७ धांवा होत्या, आणि पुढें कोणी आलेंच नाहीं. गायकवाड, विश्वनाथ, पटेल, बेदी, चंद्रशेखर: पांच नांवांपुढें ‘दुखापतीमुळें गैरहजर’ हा शेरा. वेस्ट इंडीजला तेरा धांवा हव्या होत्या. त्या त्यांनीं गडी न गमावितां केल्या. मालिका भारतानें एकास दोन अशी गमावली. तेव्हां आमच्या स्नेह्यांच्या आरोपांतील एक दुरुस्ती एवढी: दुसरा डाव बेदीनें ‘सोडला’ नाहीं. प्रथम तसा समज पसरला होता खरा. परंतु खेळावयास उभा राहूं शकेल असा मनुष्यच उरला नव्हता.

येथून क्रिकेटचा इतिहास दोन वाटांनीं गेला. वेस्ट इंडीजची वाट म्हणजे चार जलद गोलंदाजांची. तिनें त्यांना पुढें दीड दशक जगाचें राज्य दिलें. दुसरी वाट पैशाची. १९७७ सालीं केरी पॅकर नांवाच्या ऑस्ट्रेलियन धनिकानें जगांतील उत्तम खेळाडू विकत घेऊन आपला खाजगी तमाशा उभा केला. त्याच्या सामन्यांत डेव्हिड हुक्सचा जबडा अँडी रॉबर्ट्सच्या चेंडूनें मोडला, आणि त्याच पॅकरच्या खेळांत डेनिस अॅमिसनें मोटारसायकलस्वारासारखें शिरस्त्राण आणलें. १९७८ च्या मार्चमध्यें ग्रॅहम यॅलप कसोटी सामन्यांत शिरस्त्राण घालून उतरला तेव्हां प्रेक्षकांनीं त्याची टर उडविली. पुष्कळ वर्षें न घालणें हीच मर्दानगी मानली जाई. तरी हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे कीं, डोकें वांचविण्याची युक्ति राष्ट्राच्या झेंड्याखालीं निघाली नाहीं, ती भाडोत्री म्हणून हिणविलेल्या खेळांत निघाली. धंदेवाईकाला आपल्या डोक्याची किंमत ठाऊक असते.

१९८१ च्या जानेवारींत सिडनीस शिवाजी पार्कचा संदीप पाटील शिरस्त्राणावांचून खेळत होता. ६५ धांवांवर लेन पॅस्कोचा चेंडू त्याच्या डोक्यावर, कानाशीं बसला आणि तो जमिनीवर कोसळला. दुसऱ्या डावांत तो पुन्हां खेळावयास आला, चार धांवांवर बाद झाला; भारत एक डाव व चार धांवांनीं हरला. थोड्याच दिवसांनीं अॅडलेडला, शिरस्त्राण घालून, त्यानें १७४ धांवा काढल्या. त्या डावाचा उल्लेख झाला कीं आमच्या वयाच्या माणसाचा चेहरा अजून उजळतो. आणि पुढच्याच मेलबर्नच्या सामन्यांत कपिल देव मांडीचा स्नायू दुखावलेला असतां इंजेक्शन घेऊन उतरला, दिलीप दोशीनें पायाचें हाड मोडलेलें असतां गोलंदाजी केली, आणि ऑस्ट्रेलिया ८३ धांवांत गारद झाला. कपिलचे बळी पांच. आम्ही त्या वेळीं शाळकरी होतों. आम्हीं गल्लींत फटाके वाजविले. येथें आमचा वाद आमच्याच अंगावर येतो, हें आम्ही जाणतों. किंग्स्टनला डाव सोडणाऱ्या बेदीची बाजू घ्यावयाची आणि मेलबर्नला सुई टोंचून घेणाऱ्या कपिलवर फटाके उडवावयाचे, हें कोणत्या न्यायानें? एक उत्तर असें कीं मांडी म्हणजे डोकें नव्हे. दुसरें, अधिक खरें, असें कीं आम्हीं मेलबर्नला जिंकलों. हें दुसरें उत्तर देतांना आम्हांला लाज वाटते, तरी तें दडवून ठेवणें बरें नव्हे.

भीति न बाळगण्याची किंमत सर्वांनाच टांक्यांवर भागली असें नाहीं. आमचा एकनाथ सोलकर, हिंदु जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा, फलंदाजाच्या अगदीं पुढ्यांत, शिरस्त्राणावांचून उभा राही आणि सत्तावीस कसोटींत त्रेपन्न झेल घेऊन सुखरूप बाहेर पडला. रमण लांबा तशाच जागीं, तसाच उघड्या डोक्यानें, १९९८ च्या फेब्रुवारींत ढाक्याच्या एका क्लब सामन्यांत उभा राहिला. तो तेथें पैसे घेऊन खेळणारा परदेशी खेळाडू होता. चेंडू त्याच्या कपाळावर बसून इतका उडाला कीं यष्टिरक्षकानें तो झेलला व फलंदाज बाद झाला. लांबा आपल्या पायांनीं मैदानाबाहेर गेला, आणि तीन दिवसांनीं वारला. वय अडतीस. २०१४ च्या नोव्हेंबरांत फिलिप ह्यूज हा पंचवीस वर्षांचा ऑस्ट्रेलियन, शिरस्त्राण असूनही, मानेवर चेंडू बसून गेला. त्यानंतर नियम हलले. २०१९ पासून डोक्यास मार लागलेल्या खेळाडूऐवजीं दुसरा पूर्ण खेळाडू घेतां येतो. मैदानांतून बाहेर जाणें म्हणजे संघाचा घात, ही जुनी अडचण निदान डोक्यापुरती तरी सुटली.

बाकीच्या शरीराचें तसें नाहीं. २०२५ च्या जुलैंत मँचेस्टरला ऋषभ पंत पायाचें हाड मोडलें असतां लंगडत खेळावयास आला आणि ५४ धांवांपर्यंत गेला. पुढच्याच महिन्यांत ओव्हलला इंग्लंडचा क्रिस वोक्स एक हात झोळींत बांधून उतरला, आणि भारत सहा धांवांनीं जिंकला. दोन्ही वेळां दोन्ही देशांचे प्रेक्षक उभे राहिले. तें दृश्य सुंदर होतें. आमचेही डोळे ओले झाले.

परंतु मँचेस्टरचें नांव निघालें कीं आम्हांला दुसराच एक यष्टिरक्षक आठवतो. १९४६ सालीं त्याच मैदानावर हिंदुस्थानचे नऊ गडी बाद झाले असतां रंगा सोहोनी व दत्ताराम हिंदळेकर ही शेवटची जोडी तेरा मिनिटें टिकली व सामना वांचला. हिंदळेकर रत्नागिरीकडचा, विजय मांजरेकरचा मामा. मुंबईच्या पोर्ट ट्रस्टमध्यें महिना ऐशी रुपयांवर नोकरी करी. हातमोज्यांच्या आंत त्याचीं बोटें कितीदां सुजलीं असतील तें देव जाणे. १९४९ च्या मार्चमध्यें, चाळिसाव्या वर्षीं, तो मुंबईच्या आर्थर रोड रुग्णालयांत गेला; योग्य उपचारांना पैसे नव्हते. कुटुंबासाठीं निधि जमविला गेला तो मागाहून. मँचेस्टरच्या त्या तेरा मिनिटांना ज्यांनीं टाळ्या वाजविल्या, ते या तीन वर्षांत कोठें होते, हा प्रश्न आम्ही विचारूं शकत नाहीं, कारण त्यांतले कांहीं आमचेच आजोबा असावेत.

अंशुमान गायकवाडच्या बाबतींत काळ कांहींसा बदललेला दिसतो. कानावर शस्त्रक्रिया झाल्या. ऐकूं कमी येऊं लागलें. तरी तो चाळीस कसोटी सामने खेळला, आणि १९८३ सालीं जालंधरला पाकिस्तानविरुद्ध ६७१ मिनिटें खेळून त्यानें २०१ धांवा काढल्या. पुढें तो भारतीय संघाचा प्रशिक्षक झाला. २०२४ सालीं त्यास रक्ताचा कर्करोग झाला असतां खर्चाची अडचण प्रथम जाहीरपणें मांडली ती संदीप पाटीलनें, म्हणजे सिडनीस स्वतः कोसळलेल्या माणसानें. जुने सहकारी पुढें आले, क्रिकेट मंडळानें एक कोटि रुपये दिले. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत दत्ताजीराव ९५ वर्षांचे होऊन वारले होते. ३१ जुलैस मुलगा गेला. लीड्सपासून किंग्स्टनपर्यंतचा तो धागा असा एका वर्षांत दोन्ही टोंकांनीं संपला.

हें सर्व आम्हीं कट्ट्यावर सांगितलें तेव्हां आमचे स्नेही बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘पण एक सांगा, गायकवाड स्वतः मागें आला का? कान फुटेपर्यंत उभा राहिलाच ना?’ त्यांचें म्हणणें खरें होतें. आम्हांला त्यावर उत्तर सुचलें नाहीं, आणि अजूनही सुचलेलें नाहीं. एवढेंच वाटतें कीं, उभें राहणें हें गायकवाडाचें काम होतें व थांबविणें हें बेदीचें. आणि त्या रविवारीं कात्रपांत सतरंजीवर बसलेले आम्ही चार वडीलधारे पुरुष बेदीच्या जागीं होतों.

पुढच्या आठवड्यांत तो मुलगा टांके काढून घरीं आला. हातांत सामन्याची गुणांची वही होती. अंबरनाथच्या मुलांनीं त्याच्या नांवापुढें ‘बाद’ लिहिलें होतें, आणि त्याचा मोठा तंटा माजला होता. त्यानें विचारलें, ‘सर, भोंवळ आली तर आउट धरतात का?’ आम्हीं नियम समजावून सांगितला, ‘बाद’ हा शब्द खोडला, आणि त्याच्या एकोणीस धांवांपुढें ‘दुखापतीमुळें निवृत्त, नाबाद’ असें लिहून खालीं सही केली. वही घेऊन तो धांवतच स्टेशनाकडे निघाला. अंबरनाथची गाडी गांठावयाची होती.